अर्धा गुण

सहामाहीच्या पेपरात प्रश्न मीच घातला होता:
‘कजाग’. अर्थ लिहा, प्रकार सांगा,
नामाआधी घालून वाक्य करा. गुण दोन.

फळ्यावर शिकवले होते नीट.
काळा, काळी, काळे, हे विकारी,
नामाची पाठ धरून रूप पालटते.
कजाग मात्र अविकारी.
कजाग सासू, कजाग सासवा, कजाग सासूला,
शेपटाला कुणाचा हात लागत नाही त्याच्या,
लिंग, वचन, विभक्ती, कशालाच बधत नाही.
मागच्या बाकावरून दत्ताराम उठला:
कजाग सासरा चालेल, सर?
वर्ग हसला. मीही हसलो.
व्याकरणाची हरकत नाही, म्हणालो,
पण तसे कोणी म्हणत नाही.
का म्हणत नाही
ते त्या तासात बसणारे नव्हते,
आणि घंटाही झाली.

चाळीस पेपर. डिचोलीतली माझी खोली,
खिडकीच्या गजांवर ट्रकांची तांबडी धूळ,
बोट फिरवले तर लाल शाईची गरज नाही.
कजाग सून. कजाग शेजारीण. कजाग सासू, अकरा वेळा.
एकाने कजाग म्हैस.
बैल कोणी लिहिला नाही.
आणि सुरंगा मळीक, हजेरी क्रमांक सदतीस:
‘माझी आई कजाग आहे
म्हणून आम्ही सोपो एकदाच भरतो.’

सोपो म्हणजे बाजारात बसायचा कर.
पोर्तुगीज गेले,
शब्द आपली पाटी मांडून तिथेच बसून राहिला.
सकाळी एक जण येतो, पावती फाडतो.
दुपारी दुसरा येतो, पावतीशिवाय.
बायका कनवटीला हात घालतात,
कशाला वाद, गिऱ्हाईक जाईल.
सुरंगाची आई घालत नाही.
‘पावती दी, मागीर पयशे.’
पलीकडच्या पुलावर ऐकू जाते म्हणे.

त्या दुपारच्या माणसाला बाजार म्हणतो
वसुलीला कडक.

मी वाक्य पुन्हा वाचले.
नामाआधी आले तर अधिविशेषण,
नामानंतर आले तर विधिविशेषण,
ते विधान पुरे करते.
प्रश्नात ‘नामाआधी’ स्पष्ट छापले होते.
अर्धा गुण कापला.
चूक माझी नव्हती,
आजही फळ्यावर सिद्ध करून देईन.

खूप वर्षांनी एका फारशी जाणणाऱ्या गृहस्थाने सांगितले,
हा शब्द घोड्यावरून आला असावा,
लुटारू होता, म्हणजे मिशाही असणार.
आपल्याकडे येता येता
घोडा कुठल्या उंबऱ्यापाशी सुटला,
लुगडे केव्हा नेसला,
ते त्यांना ठाऊक नव्हते.
मला तरी कुठे?
मी तर नुसता अविकारी म्हणून शिकवत आलो.

पण तेव्हाचे सांगतो. पेपर तपासले त्याच बुधवारी
तिच्याकडून तवशी घेतली, तीन.
तिने मला ओळखले नाही,
किंवा ओळखून दाखवले नाही.
भाव पाडून बघितला, पडला नाही.
साडेचार झाले. पाचाची नोट दिली
आणि सुट्ट्यासाठी कुठे थांबायचे म्हणून निघालो.
मासळीच्या ओळीपर्यंत पोचलो असेन,
मागून तोच आवाज:
‘मास्तर! तुमचे आठ आणे उरले!’

सगळा बाजार वळला.
कोंबड्यांवाला, काकणकार,
काखेत वही धरलेला तो कडक माणूससुद्धा,
त्याने तर नकळत खिसा चाचपला.
मी परत गेलो, हात पुढे केला.
नाणे ओले होते.
सुरंगा बाजूला बसून तराजूचे पारडे पुसत होती,
कधीचे स्वच्छ झालेले,
वर बघत नव्हती.

पेपर वाटायचे होते दुसऱ्या दिवशी.